तारेचा पक्षी, तारेची जाळी, तारेचे झाड: घरसजावटीसाठी तारकाम

तारकामाला भट्टी लागत नाही, साचा लागत नाही आणि पहिल्या काही वस्तूंसाठी दोन-तीन पकडी व तारेचे एक रीळ यांपलीकडे फारसे काही लागतही नाही. तरीही नवशिक्याने केलेली वस्तू आणि सरावलेल्या हाताने केलेली वस्तू शेजारी ठेवली, तर फरक लांबूनच कळतो. हा फरक कल्पकतेत क्वचितच असतो. तो असतो रेषेत. सरावलेल्या हातातली तार एका दमात वळलेली दिसते, तर नवशिक्याची तार जागोजागी अडखळलेली, चार वेळा वाकवून पुन्हा सरळ केलेली दिसते. याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. तार जितक्या वेळा वाकवावी तितकी ती त्या जागी कडक होत जाते, आणि कडक झालेला भाग सरळ करू गेल्यास तो तसाच राहून त्याच्या शेजारचा मऊ भाग वाकतो. जुन्या वळणाची खूण गाठीसारखी राहून जाते आणि आणखी काही खेपांनंतर तार तिथेच तुटते. पुढे दिलेल्या बहुतेक सूचना, तार कोणती घ्यावी इथपासून आकृतीची सुरुवात कुठून करावी इथपर्यंत, या एकाच गोष्टीभोवती फिरतात: प्रत्येक वळण शक्यतो एकदाच द्यावे.

तार कोणती घ्यावी

सजावटीच्या कामासाठी ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, म्हणजे गॅल्वनाइज्ड तार, या चार तारा बहुतेक गरजा भागवतात. शिकण्यासाठी ॲल्युमिनियम सर्वांत सोयीचे, कारण ते मऊ असते, हाताने वळते आणि वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरते. दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार बोटांनी सहज वळते. त्याच जाडीची लोखंडी तार वळवताना मनगट दुखू लागते. मात्र ॲल्युमिनियमचा मऊपणा हाच त्याचा दोषही आहे. पकडीचा थोडासा दाबही त्यावर उमटतो आणि उंच, बारीक वस्तू स्वतःच्या भाराने कलू लागते.

तांबे हे माझ्या मते या कामाचे खरे माध्यम आहे. ते आधी मऊपणाने वळते आणि काम करता करता बेताचे कडक होते, त्यामुळे पूर्ण झालेली वस्तू आकार धरून राहते. पितळ जास्त स्प्रिंगसारखे वागते. वळवून सोडले की ते थोडे मागे येते, म्हणून सुरुवातीला ते टाळलेले बरे. गॅल्वनाइज्ड तार ताठ आणि स्वस्त असते व मोठ्या भिंतीवरच्या आकृतीला उत्तम चालते. बांधकामात सळया बांधण्यासाठी वापरतात ती काळी लोखंडी तार दिसायला देखणी असते आणि वळायलाही मऊ असते, पण दमट हवेत ती गंजते आणि भिंतीवर तांबूस ओघळ सोडते. ती वापरायची असेल तर काम संपल्यावर तिला पारदर्शक लॅकर लावणे भाग आहे.

जाडीबाबत एक घोळ नेहमी होतो. तारेची जाडी गेजच्या आकड्यात सांगतात आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक असते. शिवाय गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. ब्रिटिश पद्धतीतील २० गेज म्हणजे सुमारे ०.९१ मिलिमीटर, तर अमेरिकी पद्धतीतील २० गेज म्हणजे सुमारे ०.८१ मिलिमीटर, १६ गेजला हाच फरक १.६३ आणि १.२९ इतका वाढतो. म्हणून तार घेताना गेज न विचारता मिलिमीटरमध्ये जाडी विचारावी. ढोबळमानाने सांगायचे तर आकृतीच्या मुख्य रेषेसाठी १.५ ते २ मिलिमीटर, लहान पाने, कड्या आणि आकड्यांसाठी ०.८ ते १ मिलिमीटर, विणकाम आणि झाडाच्या फांद्यांसाठी ०.४ ते ०.६ मिलिमीटर आणि सांधे बांधण्यासाठी ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीची तार पुरते.

जाडीतला लहानसा फरकही हाताला मोठा जाणवतो. तारेचा व्यास दुप्पट केला तर तिला कायमचे वळण देण्यासाठी लागणारा जोर सुमारे आठपट होतो आणि तिचा ताठपणा सोळापट वाढतो. एक मिलिमीटरच्या तारेवर जमलेली नक्षी दोन मिलिमीटरच्या तारेवर तशीच काढू गेल्यास हात थकतो आणि वळणे बेढब येतात, याचे कारण हेच. आकृती मोठी करायची असेल तर तारेबरोबर वळणेही मोठी करावीत.

घरातील टाकून दिलेल्या वायरींमधून तांबे मिळवता येते. भिंतीतील वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची एकसंध तार सुमारे १.४ मिलिमीटर जाडीची, तर २.५ चौरस मिलिमीटरची सुमारे १.८ मिलिमीटर जाडीची असते. वरचे प्लास्टिक धारदार पात्याने लांबीच्या दिशेने चिरून सोलावे. ते जाळून काढू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू बाहेर पडतो आणि तांबेही काळवंडते. विजेच्या मोटारीच्या वाइंडिंगमधील, म्हणजे आतल्या वेटोळ्यांमधील, तांबूस, चकचकीत तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो थर तांब्याचा रंग टिकवून ठेवतो, म्हणून थंड कामासाठी अशी तार फार चांगली. पण ती आचेवर धरू नये.

हत्यारे

सपाट आणि गुळगुळीत तोंडाची एक पक्कड, शंकूसारखी निमुळती होत जाणारी गोल तोंडाची एक पक्कड आणि एक कटर एवढी हत्यारे पुरे आहेत. घरात असते ती दातेरी पक्कड फक्त जाड तार ओढण्यासाठी वापरावी, कारण तिचे दात मऊ तारेवर उमटतात आणि ते ओरखडे कानशीनेही नीट जात नाहीत. दुसरी पक्कड नसेल तर तिच्या तोंडावर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. यांखेरीज बारीक दाताची कानस, लाकडी किंवा नायलॉनची हातोडी, मोजपट्टी आणि निरनिराळ्या जाडीच्या गोल वस्तू जवळ असाव्यात. पेन, बाटल्या, नळीचे तुकडे, झाकणे यांपैकी काहीही चालते. मोठी, सलग वक्र वळणे पकडीने न देता अशा गोल वस्तूंवर अंगठ्याने दाबून द्यावीत. पकडीने दिलेले मोठे वळण नेहमी छोट्या छोट्या कोनांचे बनते.

डोळ्यांवर चष्मा हवाच. कटरने तोडलेला तारेचा लहान तुकडा गोफणीतल्या खड्यासारखा उडतो. माझ्या चष्म्याच्या काचेवर अशा एका तुकड्याने काढलेला चरा आजही आहे. तोडताना तारेचे तोंड जमिनीकडे करावे आणि तुटणारा तुकडा दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून ठेवावा. पडलेले तुकडे लगेच डबीत गोळा करावेत, कारण अनवाणी पायाला ते नंतर सापडतात.

आधी हात बसवणे

रिळावरून सुटलेली तार कधीच सरळ नसते आणि वाकड्या तारेवर सुरेख वळण बसत नाही. जाड तार टेबलावर ठेवून तिच्यावर सपाट लाकडी फळी दाबून पुढे-मागे लोळवली की ती सरळ होते. बारीक तारेचे एक टोक एखाद्या पक्क्या खिळ्याला बांधून, दुसरे टोक पकडीत धरून, तार किंचित ताणल्याची जाणीव होईपर्यंत सावकाश ओढावी. तांब्याची तार अशी एका झटक्यात सरळ होते. मात्र ताण दिल्याने ती थोडी कडकही होते, म्हणून ज्या तारेने विणायचे आहे ती ताणण्याऐवजी जाड कापडाच्या घडीतून दोन-तीनदा ओढून घ्यावी.

पहिला सराव कडीचा करावा. गोल पकडीच्या तोंडावर तार जिथे धरावी त्यानुसार कडीचा आकार ठरतो, कारण तोंड टोकाकडे निमुळते असते. सगळ्या कड्या एकसारख्या हव्या असतील तर पकडीच्या तोंडावर पेनाने एक रेघ ओढावी आणि प्रत्येक वेळी तार त्याच रेघेवर धरावी. कडीसाठी लागणारी तार हिशेबाने काढता येते: आतला व्यास आणि तारेची जाडी यांची बेरीज करून तिला ३.१४ ने गुणावे. एक मिलिमीटरच्या तारेची आतून दहा मिलिमीटर व्यासाची कडी करायची तर ३४.५ मिलिमीटर तार लागते. पुष्कळ कड्या हव्या असल्यास तार एखाद्या सळईवर मळसूत्राप्रमाणे शेजारी शेजारी गुंडाळावी, वेटोळे सळईवरून काढावे आणि एका रेषेत कापत जावे. कडी उघडताना तिची टोके एकमेकांपासून दूर ओढू नयेत, कारण तिची गोलाई कायमची बिघडते. एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे मुरडून ती उघडावी आणि उलट मुरडून मिटावी.

दुसरा सराव चपट्या चक्राचा. तारेच्या टोकाला शक्य तितकी लहान कडी करावी, ती सपाट पकडीत आडवी धरावी आणि बाहेर आलेली तार अंगठ्याने तिच्याभोवती ढकलावी. एका वेळी पाव वळसाच घ्यावा, मग पकड थोडी फिरवावी. इथे घाई केली की चक्र अंडाकृती होते. दहा-बारा चक्रे केल्यावर अंगठ्याला तारेचा जोर कळू लागतो, आणि तो कळल्याशिवाय पुढच्या कामाला हात घालू नये.

एकाच तारेचा पक्षी

भिंतीवर लावण्यासाठी एका रेषेत काढलेली आकृती हा तारकामाचा सर्वांत चोख प्रकार आहे, कारण तिथे काहीही लपवता येत नाही. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर याने १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये माणसांचे चेहरे आणि आकृत्या निव्वळ तारेतून उभ्या केल्या, आणि त्या पाहताना जाणवते की तारकाम हे मुळात चित्रकलेच्या जवळचे आहे. म्हणून सुरुवात कागदावर करावी. वस्तू जेवढी हवी तेवढ्याच मापाचे चित्र काढावे आणि मग पेन न उचलता ते पुन्हा काढता येते का ते पाहावे. पक्ष्याची चोच, डोके, पाठ, शेपटी, पोट आणि पंख असा प्रवास एका रेषेत करायचा म्हणजे काही ठिकाणी रेषेला स्वतःवरूनच परतावे लागते. असे परतीचे भाग आणि रेषा एकमेकींना छेदतात त्या जागा चित्रावर ठळक करून ठेवाव्यात, कारण पुढे सांधे तिथेच बांधायचे असतात. जे चित्र कागदावर पाच-सहा प्रयत्नांत एका रेषेत जमत नाही, ते तारेत कधीच जमत नाही.

किती तार लागेल हे मोजण्यासाठी चित्रातील रेषेवर दोरा बसवत जावे, मग दोरा सरळ करून मोजावा आणि त्यात पाचवा हिस्सा अधिक धरावा. तीस सेंटिमीटर लांबीच्या साध्या पक्ष्याला साधारण दीड मीटर तार लागते. त्यासाठी दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची किंवा १.६ मिलिमीटरची गॅल्वनाइज्ड तार घ्यावी.

आता सुरुवात कुठून करावी हा कळीचा प्रश्न. बहुतेक जण तारेच्या एका टोकापासून सुरुवात करतात आणि मग उरलेली मीटरभर लांब शेपूट प्रत्येक वळणाबरोबर हवेत फिरत राहते, कशाला तरी अडकते आणि आधी दिलेली वळणे बिघडवते. त्याऐवजी चित्रातील सर्वांत बारीक कामाची जागा, पक्ष्याच्या बाबतीत चोच आणि डोळा, तारेच्या मध्यावर आणावी आणि तिथून दोन्ही बाजूंना काम पुढे न्यावे. बारीक वळणे आधी पूर्ण झाल्यामुळे नंतरच्या मोठ्या वळणांत किंचित फरक पडला तरी तो सामावून घेता येतो. उलट क्रमाने काम केल्यास सगळी चूक शेवटी चोचीवर येऊन साचते.

चोचीचा टोकदार कोन सपाट पकडीने द्यावा. डोळ्यासाठी गोल पकडीवर एकच वेढा घ्यावा. डोक्याची गोलाई झाकणावर आणि पाठीचा लांब वळसा मोठ्या बरणीवर द्यावा. गोल वस्तूवरून सुटलेली तार थोडी उमलते, म्हणून हव्या त्या वळणापेक्षा जरा लहान व्यासाची वस्तू निवडावी. ॲल्युमिनियमला हा फरक थोडा लागतो, लोखंडाला बराच. प्रत्येक वळणानंतर तार चित्रावर ठेवून पाहावी. रेषेपासून थोडी हटलेली तार लगेच दुरुस्त करण्याचा मोह होतो, पण बाह्यरेषा डौलदार असेल तर ती चित्राशी तंतोतंत जुळलीच पाहिजे असे नाही. जे वळण खरोखरच फसले असेल तेवढेच, आणि तेही एकदाच, सुधारावे. दुसऱ्यांदा फसले तर तो भाग कापून नवीन तार जोडणे जास्त शहाणपणाचे, कारण जोड बांधणीत लपतो. गाठाळलेली रेषा मात्र लपत नाही.

छेदांच्या जागी ०.४ मिलिमीटरच्या तारेचे चार-पाच वेढे घट्ट आणि एकमेकांना खेटून द्यावेत. त्या तारेची दोन्ही टोके मागच्या बाजूला आणून कापावीत आणि पकडीने दाबून बसवावीत. मग आकृती सपाट फळीवर ठेवून लाकडी हातोडीने हळू ठोकावी, म्हणजे उंचसखल भाग एका पातळीत येतात आणि तार कडक होऊन आकार पक्का होतो. मऊ तारेवर पाठीच्या आणि शेपटीच्या मध्यभागी थोडे जोरात ठोकल्यास तिथे तार किंचित चपटी होते आणि बोरूने काढलेल्या अक्षरासारखी रेषा कुठे जाड, कुठे बारीक दिसू लागते. माझ्या दृष्टीने पक्ष्यात जीव येतो तो या ठोकण्याने. मात्र छेदाच्या जागी कधीही ठोकू नये. वरची तार खालच्या तारेत रुतते आणि तिथेच तुटते.

आकृती भिंतीला चिकटवून टांगली तर अर्धी शोभा जाते. जाड तारेचे दोन-तीन लहान आकडे करून ते मागे बांधावेत आणि पक्षी भिंतीपासून दोन ते तीन सेंटिमीटर पुढे राहील असे पाहावे. बाजूने येणाऱ्या प्रकाशात त्याची सावली भिंतीवर पडते आणि एका पक्ष्याचे दोन होतात.

काचेच्या बरणीवर जाळी

जाळीच्या कामात ताकद लागत नाही, चिकाटी लागते. विणकामाच्या सुया न वापरता तारेचा फास फासात अडकवत जायचे, इतकेच तिचे तंत्र आहे. अमेरिकी शिल्पकार रूथ असावा हिने मेक्सिकोतील तोलुका येथे १९४७ साली तारेच्या टोपल्या विणण्याची पद्धत पाहिली आणि पुढे तिच्यातून माणसाहूनही उंच, हवेत लोंबणारी शिल्पे घडवली. म्हणजे या तंत्राची झेप बरणीपुरती नाही, पण हात बसण्यासाठी बरणीइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही, कारण आकार बरणी सांभाळते.

एक मिलिमीटर जाडीच्या तारेचे कडे करून ते बरणीच्या गळ्याभोवती घट्ट बसवावे. ०.५ मिलिमीटरची तांब्याची तार साठ ते ऐंशी सेंटिमीटर लांबीची कापून घ्यावी. त्याहून लांब तार घेतल्यास ती ओढताना पिळाच्या गाठी पडतात, आणि अशी गाठ ओढून काढण्याच्या नादात तार तुटते. तारेचे टोक कड्याला गुंडाळून पक्के करावे आणि मग दर दीड सेंटिमीटरला कड्याखालून तार घालून एकेक सैल फास सोडत जावे. फेरी पूर्ण झाली की दुसऱ्या फेरीत प्रत्येक फास वरच्या फासाच्या मध्यातून घ्यावा. फासांचा आकार सारखा ठेवण्यासाठी प्रत्येक फास पेन्सिलीवरून ओढून घ्यावा. बरणी जिथे फुगते तिथे फास आपोआप ताणून मोठे होतात. ते फारच मोठे होऊ लागले तर एका फासात दोन फास घ्यावेत, आणि तळाकडे बरणी निमुळती होते तिथे दोन फासांतून एक घ्यावा. तार संपली की नवी तार जुनीच्या टोकाला दोन-तीन पीळ देऊन जोडावी आणि तो पीळ फासाच्या आत दाबावा. तळाशी शेवटच्या फेरीच्या सगळ्या फासांतून एक तार ओवून ती पिशवीच्या नाडीसारखी आवळावी.

अशा बरणीत दिवा ठेवायचा असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा दिवा घ्यावा. मेणबत्तीच ठेवायची झाल्यास काच जाड आणि तोंड रुंद असावे, बरणी पडद्यापासून दूर असावी आणि टांगण्यासाठी तांब्याची कडी करू नये. तांबे उष्णता इतक्या लवकर वाहून नेते की काही वेळाने कडीला हात लावता येत नाही. तिथे स्टीलची लांब तार वापरावी.

तारांचे झाड

तारेचे झाड सर्वांना आवडते आणि बहुतेकांचे बिघडते, कारण लोक ते फांदीपासून सुरू करतात. खरे तर ते हिशेबापासून सुरू करायचे असते. पंधरा सेंटिमीटरच्या आसपास उंचीच्या झाडासाठी ०.६ मिलिमीटरच्या तांब्याच्या तीस तारा, प्रत्येकी चाळीस सेंटिमीटर लांबीच्या, कापून घ्याव्यात. म्हणजे एकूण बारा मीटर तार झाली आणि तिचे वजन सुमारे तीस ग्रॅम भरेल. हे वजन लक्षात ठेवण्याचे कारण असे की झाड ज्या दगडावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर उभे राहणार तो आधार याच्या निदान पाच-सहापट जड हवा, अन्यथा एका बाजूला झुकलेली फांदी सगळे झाड घेऊन पडते.

तीसही तारांची जुडी टेबलावर ठोकून टोके एका पातळीत आणावीत. खालून दहा सेंटिमीटरवर बारीक तारेने जुडी घट्ट बांधावी. हा खालचा भाग मुळांसाठी. बांधणीच्या वरचा पाच-सहा सेंटिमीटरचा भाग खोडासाठी पिळावा. पीळ देताना एका हाताने बांधणी धरावी, दुसऱ्या हाताने जुडी फिरवावी आणि पिळाची दिशा शेवटपर्यंत एकच ठेवावी. खोडाला उजवा पीळ आणि फांदीला डावा पीळ दिला तर फांदी फुटते तिथे खोडाचा पीळ उसवतो, आणि ही चूक नेमकी काम संपत आल्यावर लक्षात येते. खोड काठीसारखे सरळ राहू देऊ नये. पीळ पूर्ण झाल्यावर त्याला अंगठ्याने एक मोठा, सावकाश बाक द्यावा. खऱ्या झाडाच्या खोडाला असतो तसा, खाली थोडा जास्त आणि वर कमी.

वर उरलेल्या तारांचे सहा-सहाच्या पाच जुड्यांत विभाजन करावे. या पाच जुड्या एकाच उंचीवर न फोडता, पहिली खोडाच्या टोकाच्या थोडी खाली, दुसरी जरा वर, अशा पायरीपायरीने सोडाव्यात; एकाच जागी फुटलेल्या फांद्यांमुळे झाड छत्रीच्या काड्यांसारखे दिसते. प्रत्येक जुडी तीन सेंटिमीटर पिळून तिचे तीन-तीनचे दोन भाग करावेत, ते दोन-अडीच सेंटिमीटर पिळावेत आणि त्यातून शेवटी एकेक तार सुटी करावी. पिळामुळे लांबी थोडी कमी होते, म्हणून टोकाला प्रत्येक तार बारा-तेरा सेंटिमीटर तरी उरली पाहिजे. ती पानांच्या कामी येते. पानासाठी सुटी तार पेन्सिलीच्या टोकावर एकदा वळवून फास करावा, फासाच्या मुळाशी दोन पीळ द्यावेत आणि फास चिमटीत दाबून लांबट करावा. एका तारेवर थोड्या थोड्या अंतराने तीन-चार पाने बसतात. मणी ओवायचे असतील तर पानाच्या जागी मणी घालून त्याच्या मुळाशी पीळ द्यावा. मणी आणि पाने दोन्ही एकाच झाडावर घातली तर गर्दी होते. मी मणी टाळतो.

खालच्या दहा सेंटिमीटर भागाचेही सहा-सहाच्या पाच जुड्यांत विभाजन करून पीळ द्यावा आणि ती मुळे दगडाच्या खाचाखोचांतून खाली नेऊन तळाशी एकमेकांत अडकवावीत. चांगला दगड निवडला असेल तर सरस लागत नाही. गुळगुळीत दगड असेल तर तळाच्या बाजूने एपॉक्सीचा एक ठिपका पुरतो. झाडाचा शेंडा खोड कितीही झुकलेले असले तरी दगडाच्या मध्याच्या बरोबर वर येईल असे करावे. तोल साधतो तो इथे.

फांद्या पिळताना मध्येच तांबे इतके कडक झाले की हात सरेना, तर ते तापवून पुन्हा मऊ करता येते. हवेशीर जागेत, विटेवर ठेवून, छोट्या गॅसच्या बर्नरने तार मंद लाल दिसेपर्यंत तापवावी आणि चिमट्याने उचलून पाण्यात टाकावी. तांबे पाण्यात विझवले तरी कडक होत नाही. वर आलेला काळा थर लिंबाचा रस आणि मीठ यांच्या मिश्रणात थोडा वेळ ठेवल्यास सुटतो. नंतर तार स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसावी. ही कृती फक्त उघड्या तांब्यासाठी आहे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळण्याआधी लाल दिसतच नाही, त्यामुळे आच कुठे थांबवावी हे डोळ्यांना कळत नाही. गॅल्वनाइज्ड तार तापवल्यास जस्ताचा धूर निघतो आणि तो श्वासातून गेल्यास थंडी वाजून ताप येतो. मणी घातलेले किंवा सरस लावलेले झाड अर्थातच आगीजवळ नेऊ नये.

टोके, रंग आणि देखभाल

वस्तू पूर्ण झाल्यावर तिच्यावरून सगळीकडे हलकेच बोट फिरवावे आणि मग एक मऊ कापड फिरवावे. बोटाला न जाणवलेले टोक कापडाचा धागा पकडते. टोक कानशीने गोल करावे किंवा आत वळवून लहान कडी करावी; लहान मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर वस्तू ठेवायची असेल तर सगळी टोके कडीतच संपली पाहिजेत.

उघडे तांबे काही आठवड्यांत तपकिरी होऊ लागते. तो रंग आवडत असेल तर त्याला तसेच राहू द्यावे. चकाकी टिकवायची असेल तर तार आधी स्पिरिटने पुसून बोटांचे तेलकट ठसे घालवावेत आणि मग पारदर्शक लॅकरचे दोन पातळ थर द्यावेत. ठसे राहिले तर लॅकरखाली तेवढेच डाग काळे पडतात आणि मग ते काढता येत नाहीत. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर अशा दमट जागी तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र बांधलेली वस्तू ठेवू नये, कारण ओलाव्यात या दोन धातूंच्या सांध्याशी ॲल्युमिनियम झिजते आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. अशा जागेसाठी आकृती आणि बांधणी दोन्ही एकाच धातूची असावी.

धूळ झटकण्यासाठी रंगकामाचा जुना, मऊ कुंचला सर्वांत बरा. कापड झाडाच्या पानांत आणि जाळीच्या फासांत अडकते आणि ओढले की आकार बिघडतो. भिंतीवरचा पक्षी महिन्या-दोन महिन्यांनी खाली काढून त्याच्या बांधण्या तपासाव्यात, सैल झालेला वेढा पकडीने एकदा दाबावा आणि आकडे मूळच्या खिळ्यांवर अडकवून तो पुन्हा लावावा.